इंग्रजी शब्दाचा अर्थ शिकवता, त्याची पायरी पण शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. एका पतसंस्थेच्या हेड ऑफिसात पत्रव्यवहाराच्या टेबलावर २८ वर्षं काम करून ३ वर्षांपूर्वी रिटायर झाले. गल्लीत सगळ्यांना माहितीय की काकूंना इंग्रजी कागद वाचता येतो, मग कुणी बँकेची नोटीस घेऊन येतं, कुणी सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाला मुलीच्या कॉलेजला अर्ज लिहून हवा असतो, आणि आता तर बरेचजण सरळ मोबाईलच पुढे करतात की हा मेल बघा आणि काय उत्तर देऊ ते सांगा. मला ते आवडतं आणि वेळही आहे. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट झाली ती डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

शेजारचा मुलगा इंजिनियर झाला, पुण्यात कंपनीत लागून त्याला ६ महिने झालेत. त्याचा टीमचा साहेब इंग्लंडमध्ये बसतो. त्या साहेबांची आई वारली. पोरगं मनाचं हळवं आहे, स्वतःचे वडील लहानपणी गेलेत, त्याला खरंच वाईट वाटलं आणि रात्री ११ वाजता बसून त्यानं मेल लिहिला. मेल असा होता, 'रिस्पेक्टेड सर, आय केम टू नो दॅट युवर मदर एक्सपायर्ड. काइंडली टेक रेस्ट अँड रिव्हर्ट.' दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या मॅनेजरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की अरे असं लिहीत नाहीत. कसं लिहितात ते काही सांगितलं नाही. शनिवारी घरी आला आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, काकू स्पेलिंग तर सगळी बरोबर आहेत हो.

स्पेलिंग बरोबर होती. ग्रामर पण बरोबर. एकेका शब्दाचा अर्थ डिक्शनरीत काढला तर तोही बरोबर. पण त्या मुलाच्या मनात जे होतं ते तिकडे पोचलंच नाही, उलटंच काहीतरी पोचलं. 

मी त्याला मराठीतूनच समजावलं. म्हटलं हे बघ, आपल्याकडे माणूस जातो त्याला किती शब्द आहेत. गेले, वारले, निधन झालं, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. आणि तलाठ्याच्या कागदावर, पोलिसांच्या पंचनाम्यात काय असतं? मयत. मयत इसम, मयताचे वारस. शब्द चुकीचा आहे का? अजिबात नाही, त्या कागदावर तोच लागतो. पण समजा तुझ्या मित्राची आई गेली आणि तू दारात जाऊन म्हणालास की तुझी आई मयत झाल्याचं समजलं, तर? पोरगं एकदम गप्प झालं. एक्सपायर्ड म्हणजे साधारण तेच. तिकडे औषध एक्सपायर होतं, दूध होतं, लायसन्स होतं, माणसाच्या बाबतीत झालाच तर हॉस्पिटलच्या फाइलीत होतो. आपल्याकडे मात्र एक्सपायर झाले हे म्हणायची इतकी सवय झालीय की आपल्याला तो सभ्य शब्द वाटतो, डायरेक्ट मेले म्हणण्यापेक्षा मऊ. इंग्रजीत डाइड हा शब्द साधा आहे पण उद्धट नाही, पेपरात बिनधास्त छापतात, आणि समोरच्या माणसाशी बोलताना पास्ड अवे म्हणतात. डिमाइज वकिलाच्या कागदात आणि बातमीत ठीक. 

आणि तो रिव्हर्ट. भारतातल्या ऑफिसात रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या, हे सगळ्यांना कळतं. पण इंग्लंडच्या माणसाला त्याचा पहिला अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं असाच वाटतो. आई गेलेल्या माणसाला आराम करा आणि पूर्वस्थितीला या!

संपादक साहेब, मला जे म्हणायचंय ते असं की आपण शाळेत इंग्रजी शब्दाचा अर्थ शिकतो, स्पेलिंग शिकतो, पण त्याची पायरी शिकत नाही. पायरी म्हणजे हा शब्द घरातला आहे का ऑफिसातला का कोर्टातला, थोरल्याला चालतो का मित्राला, बोलायचा आहे का लिहायचा. मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाणी, जल, उदक ह्या तिन्हीचा अर्थ एकच आहे हे पाचवीतलं पोर सांगेल, पण तेच पोर आईला तहान लागली उदक दे म्हणणार नाही. आईच्या मांडीवर बसूनच ते कळलेलं असतं. इंग्रजी आपण मांडीवर शिकत नाही, पुस्तकातल्या शब्दार्थाच्या यादीतून शिकतो, आणि त्या यादीत बाय म्हणजे विकत घेणे आणि पर्चेस म्हणजे पण विकत घेणे एवढंच असतं. 

हे असं का आहे ते मी पुढे वाचून काढलं आणि मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर जवळपास ३०० वर्षं दरबार आणि कोर्ट फ्रेंचमध्ये चालायचं, चर्चमध्ये आणि विद्वानांच्यात लॅटिन आणि शेतकरी, गवळी, चांभार आपली इंग्रजी बोलायचे. कोर्टात इंग्रजीतून बोलायला कायद्यानं परवानगी मिळाली ती १३६२ मध्ये. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन दोन तीन तीन शब्द राहिले. विचारायचं तर आस्क हा घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला आणि इंटरॉगेट लॅटिनमधला. तिन्हीत विचारणंच आहे, पण आस्क केलं तर माणूस उत्तर देतो आणि इंटरॉगेट केलं तर वकील बोलावतो. गोठ्यात असते ती काऊ, तीच श्रीमंताच्या ताटात आली की बीफ. बिगिन घरचा, कमेन्स ऑफिसचा. हेल्प घरचा, असिस्ट ऑफिसचा.

आता हे आपल्याला परकं वाटायचं काही कारणच नाही, आपल्याकडे अगदी हेच झालंय! आपली देशी मराठी, वर संस्कृत, आणि कचेरीत फारसी. विचारणं आपलं, सवाल फारसीतून आला, पृच्छा संस्कृत. तुम्ही सात बारा, फेरफार, दस्त, जप्ती, तारण असले कागद बघा, सगळीकडे इसम, मजकूर, सदर, मौजे असे शब्द, ते कुणी जेवताना वापरत नाही. इंग्रजीत मृत्युपत्राला लास्ट विल अँड टेस्टामेंट म्हणतात, त्यातला विल हा जुना इंग्रजी आणि टेस्टामेंट लॅटिनमधला, दोघांचा अर्थ एकच, पण दोन भाषांची माणसं एकत्र नांदत होती म्हणून दोन्ही शब्द जोडीनं आले. आणि आपण काय म्हणतो, बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र. बाजार फारसी, हाट आपला. धन संस्कृत, दौलत अरबी. कागद तिकडचा, पत्र इकडचं. शाळेत जर मास्तरांनी इंग्रजीच्या तासाला नुसतं एवढं सांगितलं ना की पोरांनो त्यांच्या भाषेत पण आपल्यासारख्याच पायऱ्या आहेत, तर निम्मी भीती तिथेच जाईल.

पण एक फरक आहे आणि मला वाटतं आपली सगळी गडबड ह्या एका फरकामुळे होते. मराठीत आदर दाखवायचा तर आपण जड शब्द वापरतो. आई न म्हणता मातोश्री, जेवण न म्हणता भोजन, बसा न म्हणता आसनस्थ व्हा, पत्रिकेत तर बघायलाच नको. जड शब्द म्हणजे मान. त्या सवयीनं आपण इंग्रजीत पण आदर दाखवायला जड शब्द शोधतो. आणि इंग्रजीत जड शब्दानं आदर वाढतो असं नाही, पुष्कळदा नुसतं अंतर वाढतं, माणूस कोरडा वाटायला लागतो, सरकारी वाटतो. तिकडे दुःखाच्या वेळी, माफी मागताना, आभार मानताना छोटे छोटे घरचे शब्दच वापरतात. त्या मुलाला मी दुसरा मेल लिहून दिला तो दोन ओळींचा होता, 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युवर मदर. प्लीज डोन्ट वरी अबाउट वर्क, वुई विल मॅनेज हिअर.' त्यात एक शब्द चौथीच्या पोराला येणार नाही असा नाही. तो म्हणाला, काकू हे फार साधं वाटतंय, साहेबांना चालेल का. म्हटलं, बाबा, आपण पण दारात गेल्यावर काय म्हणतो, कळलं रे, फार वाईट झालं. तिथे निधन वगैरे कोण म्हणतं. 

आदर इंग्रजीत शब्दापेक्षा क्रियापदात जास्त असतो हे पण मुलांना सांगितलं पाहिजे. सगळे म्हणतात इंग्रजीत तुम्ही नाही, सगळ्यांना यू. खरं तर उलटं आहे. त्यांच्याकडे पूर्वी दाऊ होतं ते तू, आणि यू होतं ते तुम्ही, सतराव्या शतकाच्या आसपास रोजच्या बोलण्यातनं दाऊ गेलं आणि यू सगळ्यांना लागलं, म्हणजे इंग्रजीत तूच उरलं नाही. पण मग मोठ्या माणसाशी बोलताना मान कुठून आणायचा, तर कुड, वुड, माइट ह्यांच्यातून. आय वाँट टू डेज लीव्ह असं आपली मुलं लिहितात, अर्थ बरोबर, पण ऐकणाऱ्याला तो हट्ट वाटतो. आय वॉज वंडरिंग इफ आय कुड टेक टू डेज ऑफ असं लिहिलं की तोच माणूस नम्र. मुलं विचारतात की सुट्टी तर पुढच्या आठवड्यातली आहे, मग वॉज कशाला, भूतकाळ कशाला? अहो आपण दुकानात गेल्यावर दुकानदार काय विचारतो? काय पाहिजे होतं? आणि आपण साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन काय म्हणतो? सर, जरा दोन दिवस सुट्टी हवी होती. हवी आहे म्हणत नाही, हवी होती म्हणतो. भूतकाळानं बोलणं मऊ करायची युक्ती आपल्याकडे आधीपासून आहे, तीच तिकडे आहे. मी हे उदाहरण दिल्यावर एकालाही वॉज वंडरिंग परत समजावायला लागलं नाही.

काइंडलीचं पण तसंच. आपल्याला कृपया म्हणजे काइंडली हे पक्कं बसलंय, आणि आपल्या ऑफिसात तो चालतोच, मी स्वतः २८ वर्षं लिहिलाय. पण इंग्लंड अमेरिकेत काइंडली पुष्कळदा वैतागलेल्या माणसाचा शब्द वाटतो, काइंडली इथे गाडी लावू नका अशा पाटीसारखा. तिथे नुसतं प्लीज बरं. डू द नीडफुल, म्हणजे योग्य ते करा, हा तर जुन्या ब्रिटिश कचेरीतला शब्द, त्यांनी सोडला आणि आपण जपला. आणि शाळेतल्या अर्जात अजून मुलांकडून घोकून घेतात, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट. आजच्या इंग्रजी मीटिंगमध्ये कुणी विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट म्हणून सुरुवात केली की पुढे तो तुमचं म्हणणं खोडून काढणार असंच समजायचं. ज्या वाक्यानं आपण हात जोडतो तेच वाक्य तिकडे बाह्या सरसावताना वापरतात. हे मुलाला माहीत नको का?

सगळीच चूक जड शब्दाची नसते, काही ठिकाणी जास्त जवळीक होते. डिअर सर, डिअर मॅडम हे पत्राच्या माथ्यावर नुसतं वळण आहे, त्याला काही अर्थ नाही. पण तोच डिअर उचलून मुलगा ऑफिसातल्या मुलीला मेसेज करतो, हॅलो डिअर, फाइल पाठव. तिला ते लगट वाटतं आणि तिचं बरोबर आहे. ह्याच्यावरून तक्रार झालेली एक केस मला माहितीय, मुलाच्या मनात खरंच काही नव्हतं पण ते सिद्ध करता करता त्याचे दोन महिने गेले.

डाउटबद्दल मला खूप वाटतं कारण ह्यात मुलांची काही चूकच नाही. आपल्याकडे वर्गात शंका विचारतात आणि एखाद्यावर शंका पण घेतात, शब्द एकच. म्हणून आय हॅव अ डाउट. गल्लीतली एक मुलगी जर्मनीत शिकायला गेली, तिथल्या सरांना लेक्चर झाल्यावर म्हणाली, सर आय हॅव अ डाउट, तर ते एकदम गंभीर होऊन म्हणाले कशाबद्दल पटलं नाही तुला. इंग्रजीत डाउट म्हणजे खरं वाटत नाही, संशय. तिला फक्त एक पायरी परत समजून घ्यायची होती. क्वेश्चन म्हणायचं, झालं. 

आता जे कागद माझ्याकडे येतात त्याबद्दल, कारण तिथे नुसता मान अपमान नसतो, जीव घाबरा होतो. परवा एक आजोबा सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आले, रात्रभर झोपले नव्हते. नातवानं शब्द न शब्द गुगलवर शोधून सांगितला होता. त्यात होतं, लिव्हर अनरिमार्केबल. नातू म्हणाला रिमार्केबल म्हणजे उल्लेखनीय, उत्तम, आणि अन लावलं म्हणजे उत्तम नाही, लिव्हर खराब आहे. रेडिओलॉजीच्या भाषेत अनरिमार्केबल म्हणजे सांगण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणजे नॉर्मल, ह्यापेक्षा चांगला शेरा नाही. तसंच अक्यूट म्हणजे लोक भयंकर समजतात, डॉक्टरांच्या लिहिण्यात अक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं आणि क्रॉनिक म्हणजे जुनं रेंगाळलेलं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं नाही, त्याची पंप करायची ताकद कमी पडतेय. आजोबांना मी चहा दिला आणि म्हटलं की लिव्हरचं काही नाही, बाकी रिपोर्ट डॉक्टरांनाच दाखवा, मी डॉक्टर नाही. पण त्यांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, की एका शब्दासाठी एका म्हाताऱ्या माणसाची अख्खी रात्र गेली.

नोटिशीवर विदाउट प्रेज्युडिस असतं. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह एवढंच पाठ असतं, मग लोकांना वाटतं वकील म्हणतोय माझ्या मनात तुमच्याबद्दल काही वाईट नाही, आणि ते खुशीत येतात. त्याचा कायद्यातला अर्थ वेगळा, हक्कांना बाध न येता. म्हणजे मी आता तडजोडीचं बोलतोय पण माझा हक्क मी सोडलेला नाही. सँक्शन तर दोन तोंडाचा, लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर आणि देशावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध. इंटिमेट हे क्रियापद म्हणून बँकेच्या पत्रात कळवणे, आणि विशेषण म्हणून अगदी जवळचा, उच्चार पण वेगळा, क्रियापदाचा शेवट मेट आणि विशेषणाचा मिट. 

आणि ही गडबड फक्त आपलीच होते असं समजू नका. टेबल करणे म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत विषय बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ह्या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा मोठा वाद झाला, दोघांना एकच गोष्ट हवी होती, हे चर्चिलनं लिहून ठेवलंय. लग्नाच्या जाहिरातीत आपण होमली मुलगी लिहितो, इंग्लंडमध्ये होमली म्हणजे घरपण असलेलं, उबदार, आणि अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. न्यूजर्सीत वाढलेला मराठी मुलगा ती जाहिरात वाचून काय समजेल.

आपलं इंग्रजी वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, ते म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा शब्द आपण भारतीयांनी रुळवला, चांगला नेटका शब्द आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनं सुद्धा घेतला. आपसात आपण रिव्हर्ट म्हणू, आउट ऑफ स्टेशन म्हणू, त्यात लाजायचं काय. पण समोर कोण आहे ते बघून शब्द बदलता आला पाहिजे, जसं आपण सासरी आणि माहेरी बदलतो.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आज तिशीत आलीत, नोकऱ्या करतायत. त्यांना शब्द भरपूर येतात, आमच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त. पायरी कुणी सांगितली नाही. मोल्सवर्थनं १८५७ च्या त्याच्या मराठी डिक्शनरीत शब्दाशेजारी हा संस्कृत, हा फारसी अशी खूण करून ठेवली होती, एका साहेबाला आपली भाषा शिकणाऱ्यासाठी ते करावंसं वाटलं. मग आपल्या इंग्रजीच्या पुस्तकात धड्याच्या मागे शब्दार्थ देतात तिथे एक बारीक अक्षर का नको, घ म्हणजे घरी, क म्हणजे कचेरीत, को म्हणजे कोर्टात? त्याला जास्तीचं पान लागत नाही. 

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या पेपरात शब्दकोडं येतं, राशिभविष्य येतं. आठवड्यातनं एकदा चार बोटं जागा द्या, एक इंग्रजी शब्द, त्याची पायरी आणि मराठीतला त्याचा जोडीदार, एवढंच. एक्सपायर्ड म्हणजे मयत असं छापलं की खाली काही समजावायला लागणार नाही. लिहायला माणूस नसेल तर मी लिहीन, पैसे नकोत, माझ्याकडे एका वहीत दीडशेच्या वर शब्द जमलेत, ज्याच्या त्याच्या कागदातनं उतरून घेतलेले. पहिल्या आठवड्याला डाउट घ्या, जूनमध्ये पोरं बाहेर शिकायला जायच्या तयारीला लागतात.

त्या मुलाच्या दुसऱ्या मेलला साहेबांचं उत्तर आलं होतं, त्यानं मला दाखवलं. थँक यू, दॅट मीन्स अ लॉट, एवढंच होतं. 

आपली नम्र,
एक वाचक, सांगली